सतरा नंबरचा कोरा रकाना

अक्षर माझंच आहे मॅडम, त्यात वाद नाही — या शाळेच्या कचेरीत बत्तीस वर्षं दुसरं अक्षर चाललंच नाही, हेडमास्तर सहा झाले, अक्षर एकच — बसा की, उभ्या का? हा कट्टा गावातल्या म्हाताऱ्यांसाठी बांधलाय, पण पी.टी.च्या मॅडमनी बसू नये असं कुठं लिहिलेलं नाही. मी तर बसतोच. तीन चकरा झाल्या, चौथी राहिलीय. डॉक्टरांनी मैदानाला रोज चार सांगितल्यात, शुगर आहे ना — आणि खरं सांगू का, अजून पहिली चक्कर सुरू केली की मला वाटतं आपल्या हातून काहीतरी गुन्हा झालाय. हसू नका. आमच्या वेळी चक्कर कशाला असायची? उशीर झाला — तीन चकरा. गृहपाठ नाही — पाच. नखं वाढली — दोन. पळणं म्हणजे शिक्षा, आणि शिक्षा संपली की सावलीत बसायचं, ते बक्षीस. आता माणूस मोठा झाल्यावर बक्षीस घेईल का शिक्षा? मी बत्तीस वर्षं बक्षीस घेतलं, खुर्चीत बसून घेतलं, ते आता सदऱ्याच्या दोन बटणांच्या मधून बाहेर बघतंय. आमच्या घरी बायको, सीताबाई, म्हणती, "शाळंत होता तवा फिरला न्हाईत, आता शाळंभवती फिरा."

तर ही वही. सन एकोणीसशे नव्व्याण्णव-दोन हजार, इयत्ता दहावी, शारीरिक क्षमता चाचणी, सहाशे मीटर धावणे. कुठं मिळाली म्हणालात? लोखंडी कपाटात, खालच्या कप्प्यात. उंदरांनी ठेवली म्हणजे कमालच — तिथं वाचनालयाची अर्धी पुस्तकं त्यांनी खाल्ली, चांगली चांगली निवडून, मला तर वाटायचं उंदरांनाच वाचनाची खरी आवड आहे — आणि ही वही नेमकी सोडली. त्यांना वास आला असणार. कसला म्हणजे? काही नाही, आपलं म्हणतो.

आणि रविवारी त्या सगळ्यांना तुम्ही बोलावलंय. कळलं मला, जळकोटात काय लपतं? रणधीर सांगत होता ट्रॅक्टरच्या दुकानात, "तात्या, पंचवीस वर्षांनी पळायचंय, मॅडम जुना टाइम आन् नवा टाइम लावून बघणार हायत." चाळीस-एक्केचाळीस वर्षांची माणसं, बायका, त्यांना परत सहाशे मीटर. चांगलं आहे. मी नाही हं रविवारी. सोलापूरला डोळे दाखवायचेत. हो, रविवारी पण बघतात, आमचे डॉक्टर बघतात. — नाही, मॅडम, लिहायला दुसरं कोणी बघा, अक्षर काय, हल्ली कोणाचंही चालतं.

आता तुमचा हिशेब मला एकदा नीट सांगू द्या, चुकलं तर थांबवा. तुम्ही जुन्या पाच-सहा वर्गांच्या पोरांना फोन लावले, आता काय करता म्हणून. बाकीच्या वर्गांत चाळिसातले चार-पाच जण काहीतरी हालचाल करणारे निघाले — त्यातलेही दोघं पोलिसात, म्हणजे पगारी पळणारे. पण या एका वर्गात बेचाळिसातले एकतीस. मल्लम्मा अंगणवाडीला सायकलवर जाते, गाडी दारात असून. शिवप्पा अजून पोरांत कबड्डी खेळतो आणि दर वर्षी एक दात किंवा एक बोट कमी करून येतो. चौघीजणी पुण्याला एकाच सोसायटीत नाहीत, काही नाही, तरी रोज पहाटे फोनवर एकमेकींना उठवून फिरतात. बरोबर? आणि मग तुम्ही कपाट उघडलं, तर चाचणीची वही फक्त त्याच वर्षाची. म्हणजे ज्या वर्षी मोजलं त्या वर्षीची पोरं जन्मभर हलती राहिली. म्हणून आता दर शनिवारी सगळ्या शाळेची सहाशे मीटर चाचणी, निकाल भिंतीवर, आणि सोमवारी हेडमास्तरांपुढं प्रस्ताव. सोबत पुरावा म्हणून माझं अक्षर.

व्हय. असंच ना.

सतरा नंबरचं राहू द्या हो थोडं. तुम्ही आल्यापासून तिथंच बोट ठेवून बसलात. एक्केचाळीस रकाने भरलेत ते बघा की. सांगतो, सांगतो, सगळं सांगतो, पण माझ्या क्रमानं — कचेरीत काम केलेला माणूस आहे, मधलं पान आधी उघडत नाही.

ज्ञानोबा सर होते तेव्हा पी.टी.ला. एकच वर्ष होते. तुम्ही त्यांना बघायला पाहिजे होतं — अंगानं असे, की मुलाखतीला आले तेव्हा मला वाटलं संस्कृतच्या जागेसाठी आलेत. त्यांच्या आधी आपल्याकडं काय होतं? अकरा पोरं खेळायची, दर वर्षी तीच अकरा, आणि बाकीची लिंबाखाली बसून त्या अकरांच्या चपला राखायची. मी स्वतः विद्यार्थी असताना सहा वर्षं चपला राखल्यात. त्या विषयात मला कोणी मागं टाकू शकलं नसतं. तर ज्ञानोबा सर आले, पहिल्या दिवशी लिंबाखाली गेले आणि म्हणाले, "चपला कुनी न्हेत न्हाई. उठा." आणि मग त्यांनी काय केलं, तर विचारलं. पोरांना विचारलं! काय खेळू वाटतंय तुला? या शाळेत पोरांना कोणी काही विचारलेलं नव्हतं, सातचा पाढा सोडून. कोणी विटीदांडू म्हणालं, कोणी लंगडी, मल्लम्मा म्हणाली मला सायकल शिकायचीय, तर सरांनी स्वतःची सायकल दिली — आठवडाभर सर शिवप्पाच्या बापाच्या बैलगाडीमागं पळत शाळेत आले. जाडी पोरं, बारकी पोरं, दमेकरी पोरं, सगळी मैदानात. शिट्टी नव्हती त्यांच्याकडं. मी विचारलं, सर, शिट्टी मागवू का, मागणीपत्र करतो. म्हणाले, "शिट्टी कशाला? ती काय म्हशी हायत का?" आणि पहिला नंबर, दुसरा नंबर असलं काही नाही. दमलं की बसायचं नाही, दमलं की दुसऱ्याला पाणी द्यायचं, एवढाच नियम. पोरं बेल झाल्यावर पण मैदानातून येत नसत. इतिहासाचे सर दारात उभे राहून वाट बघायचे, बिचारे, हातात पानिपत घेऊन.

मोजायचे का? आता तेच सांगतोय. नाही. मोजायचे नाहीत. सहाशे मीटर काय, सहा मीटर पण नाही. माणसाकडं घड्याळच नव्हतं मॅडम.

थांबा, थांबा. उठू नका. ऐका.

जानेवारीत तपासणी लागली. वरून साहेब येणार, उद्या अकराला. हेडमास्तर कचेरीत आले, म्हणाले शारीरिक क्षमतेची वही काढा. मी ज्ञानोबा सरांना बोलावलं, वही म्हटलं. ते म्हणाले, "लिवलं न्हाई काय. पळत्यात की चांगली. सायबाला दावू." आता साहेबाला पळणारी पोरं दाखवायची? साहेब काय पोरं बघायला येतात? साहेब वही बघायला येतात. हेडमास्तरांनी माझ्याकडं बघितलं. मी नवी वही काढली, लाल रेघा ओढल्या, बेचाळीस नावं लिहिली, इथवर सगळं खरं आहे. मग वेळ. मिनिटं आणि सेकंद. मला पळण्यातलं काय कळतंय? सहाशे मीटरला माणसाला दोन मिनिटं लागतात का वीस, मला कुठं ठाऊक? खिडकीतून बाहेर बघत बसलो. आणि समोर, रस्त्यापलीकडं, स्टँडवर एस.टी.चा फलक.

तो आता नाही. तेव्हा पिवळ्या पत्र्यावर काळ्या रंगानं लिहिलेला होता, दुपारनंतरच्या गाड्या. सोलापूर, दोन-दहा. अक्कलकोट, दोन-पंचवीस. उमरगा, दोन-पस्तीस. तुळजापूर, दोन-पन्नास. काय सुरेख आकडे होते! एकही गोल नाही, सगळे खऱ्यासारखे. तर अनुक्रमांक एक, सोलापूर. दोन, अक्कलकोट. चौदा गाड्या होत्या, शेवटची चार-पाचची आळंद. चौदा गाड्या, तीन फेऱ्या, बरोबर बेचाळीस पोरं. मला तर तो दैवी संकेत वाटला. तुम्ही संख्याशास्त्र शिकलात ना एम.पी.एड.ला? मग एक, पंधरा आणि एकोणतीस नंबर, तिघंही दोन मिनिटं दहा सेकंदांत पोचलेत, हे दिसलं नाही तुम्हाला? अक्षरामुळं दिसलं नसणार. चांगल्या अक्षराचा हाच उपयोग असतो. साहेबांना पण दिसलं नाही, त्यांनी तर खाली शेरा मारलाय बघा — "नोंदी समाधानकारक". आणि रणधीर, अठ्ठावीस नंबर, पूर्ण शाळेत त्याच्याइतकं पळणारं पोरगं नव्हतं, सशासारखं, आणि त्याच्या वाट्याला आली आळंद. चार मिनिटं पाच सेकंद. सगळ्यांत शेवट. रविवारी तो एवढं पोट घेऊन पळणार आणि जुन्यापेक्षा लवकर पोचणार, आणि दुकानावर फ्लेक्स लावणार. लावू दे. त्याचं काही नुकसान नाही.

पण तुम्ही शनिवारी पोरांना पळवून भिंतीवर निकाल लावणार, ते मात्र करू नका मॅडम. म्हणून तर बोलतोय, नाहीतर ही गोष्ट मी माझ्यासोबतच न्यायची ठरवली होती. त्या एकतीस जणांना माझ्या वहीनं नाही हलवलं. वही तर त्यांनी कधी बघितली पण नाही. त्यांना काय हलवलं, ते कुठं लिहिलेलंच नाही, आणि जे लिहिलेलं आहे ते सोलापूर आगाराचं आहे. भिंतीवर शेवटचा नंबर ज्याचा लागेल ना, ते पोरगं पुढच्या शनिवारी पोट दुखतंय म्हणून घरी थांबेल, त्याच्या पुढच्या शनिवारी त्याचं डोकं दुखेल, आणि मग अर्ज येईल — आणि अर्ज एकदा आला, की ते पोरगं गेलं. अर्जाचं मला माहीत आहे. त्यातलं मला सगळं माहीत आहे.

ज्ञानोबा सरांचं पुढं? अतिरिक्त ठरले. त्याच वर्षी फेब्रुवारीत दहावीचे पी.टी.चे तास बीजगणिताला गेले, मग नववीचे गेले, मग सरांचा कार्यभार भरेना, मग ते कुठंतरी लांब, बहुतेक परंड्याकडच्या शाळेत गेले. तास कोणी काढले? कोणी म्हणजे — वेळापत्रकात गेले. वेळापत्रक कोण बनवायचं? हेडमास्तरांची सही असते त्यावर. ...बरं. मी बनवायचो. पण मी काय फक्त तक्ता आखायचो, लाल शाईनं, तुम्ही बघितला तर म्हणाल छापलाय. पालकांचा पण आग्रह होता. कोणत्या पालकांचा, नावं काय घ्यायची आता? एक तर — एका पालकाचा जास्त होता. दहावीच्या वर्षी पोरीनं मैदानात काय करायचं, असं त्या पालकाचं म्हणणं होतं, आणि तो पालक कचेरीत रोजच बसलेला असायचा. असायचाच, त्याची खुर्चीच तिथं होती.

व्हय. सतरा नंबर.

भाग्यश्री माझी. तुम्हाला आडनावावरून कळलंच असेल की, मग मघापासून माझ्या तोंडून काढताय काय? खो-खो खेळायची. ज्ञानोबा सरांनी काही नव्यानं शिकवलं नाही तिला, नुसतं म्हणाले, खेळ. आणि ती अशी खेळायची — मी खिडकीतून बघायचो ना — खांबाजवळ आली की पाठलाग करणारीला वाटायचं आता सापडली, आणि ही वळायची. अर्ध्या हातावरून. मी सांगतो तुम्हाला, मी आयुष्यात पुष्कळ पुस्तकं वाचली, मोठमोठ्या माणसांची, पण ती वळायची ते वाक्य कुणाला लिहिता आलेलं नाही. ऑक्टोबरात विभागाच्या स्पर्धेसाठी लातूरला निवड झाली. सर घरी आले सांगायला, पेढे घेऊन, स्वतःच्या खिशातून. मी म्हणालो, दहावी आहे. ते म्हणाले, "चारच दिवस हायत, भाऊसाहेब." मी म्हणालो, दहावी आहे. मग ते पेढे ठेवून गेले.

मग मी अर्ज लिहिला. माझ्या पाल्याच्या उजव्या गुडघ्यात वारंवार वेदना होत असल्याने तिला शारीरिक शिक्षणाच्या तासातून वर्षभर सूट मिळावी ही विनंती. पालक म्हणून मीच दिला, कचेरीत मीच घेतला, आवक क्रमांक मीच टाकला, मंजुरीला मीच ठेवला. पाच मिनिटांत काम झालं — या शाळेत एवढ्या लवकर कुणाचंच काम झालेलं नाही. गुडघा? गुडघ्याला काही झालेलं नव्हतं. गुडघा असा होता, मॅडम, की — जाऊ द्या.

मग पुढचे चार महिने सगळा वर्ग मैदानात आणि एकच पोरगी लिंबाखाली. तिथं, त्या बुंध्याशी. चपला पण राखायला नव्हत्या, तेवढंही काम नव्हतं तिला. वही मांडीवर घेऊन बसायची. मला ती दिसायची, माझी खुर्ची खिडकीशीच होती. एस.टी.चा फलक आणि ती, दोन्ही एकाच खिडकीतून दिसायचे. जानेवारीत वही भरत सतराव्या नावाशी आलो तेव्हा तिच्या वाट्याला उमरगा येत होती, दोन-पस्तीस. सगळ्यांना खोटं लिहिलं, तिच्यापुढं हात चालेना. आत्ता तुम्हाला वाटेल बापाचं मन वगैरे, तसलं काही नव्हतं, सूट मंजूर होती, सूट असलेल्याची वेळ लिहिली तर तपासणीत विसंगती निघाली असती. असंच आहे ते. म्हणून गाडी रिकामी सोडली.

दहावीला? एकोणऐंशी टक्के. चांगले आहेत की. पुण्याला आहे, मोठ्या कंपनीत, अशी खुर्ची आहे म्हणे की कंबरेला मागून धरते. रोज सकाळी इथून फोन करतो, फिरायला गेलीस का? "बाबा, वेळ नाही." दहा वर्षं झाली, रोज तेच. कधी रागावली नाही, कधी जुनं काढलं नाही. फक्त गेल्या जूनमध्ये एकदा तिनं स्वतः फोन केला. तिची मुलगी, सृष्टी, सहावीत गेली, तिला शाळेत पळायला आवडत नाही, हसतात म्हणे मुली. तर म्हणाली, "बाबा, पी.टी.तून सूट मिळायचा अर्ज कसा लिहायचा असतो? तुमचा मजकूर चांगला होता."

आणि मी सांगितला. काय बघताय? सांगितला. माझ्या पाल्याच्या उजव्या गुडघ्यात, इथंपासून. स्वल्पविरामासकट.

...

हं? काय म्हणालात? परत सांगा. नाही, ऐकू आलं, पण परत सांगा. ती येणारे? रविवारी? तुम्हाला म्हणाली? कधी — परवा? मला आज सकाळीच तर फोन झाला, साडेसहाला, काही बोलली नाही. आणि सृष्टीला पण घेऊन येते म्हणाली. पळायला का बघायला? पळायला. दोघी.

आणि म्हणून तुम्ही मघापासून विचारताय, की बाकीच्यांची जुनी वेळ आहे लावून बघायला, तिची काय लिहायची.

काही लिहू नका. कोरं आहे तसं असू द्या. तेवढा एकच रकाना खरा आहे या वहीत, त्याला हात लावू नका. आणि रविवारी कुणाचीच वेळ घेऊ नका हो. पळू द्या, मधेच खो-खो खेळू वाटला तर खेळू द्या, ती रणधीरची ढेरी पळते का गडगडते बघू द्या सगळ्यांना. एस.टी.च्या फलकाचं मीच सांगतो त्यांना, उभा राहून सांगतो, हसतील, हसू द्या. डोळे? कसले डोळे? डोळ्यांना काही झालेलं नाही माझ्या, लांबचं तर फारच चांगलं दिसतं. सोलापूरला मी कधी म्हणालो? बरं, म्हणालो असेन.

एवढंच करा — पाहुण्यांसाठी खुर्च्या मांडाल ना, त्या लिंबाखाली मांडू नका. एकही नको. सावली आहे, मला माहीत आहे सावली आहे. तरी नको.

जावा आता, बेल झाली, तुमची पोरं बघा मैदानात आली पण, आणि ती पाच-सहा निघालीच बघा बुंध्याकडं चपला घेऊन. उठवा त्यांना. ती वही इथं ठेवू नका, घेऊन जा. माझी एक चक्कर राहिलीय.